दारावरची पाटी

वाशी, सेक्टर दोन
१२ जून १९८४

तीर्थरूप आप्पा,

हे पत्र मी टाकणार नाही. तुमची नजर गेल्यापासून पोस्टमन ओटीवर बसून माझी पत्रं मोठ्यानं वाचतो आणि निम्मी वाडी ऐकते.

मी बी.एससी. झालो नाही. शेवटच्या वर्षी कॉलेज सोडलं आणि विमान दुरुस्तीच्या कोर्सला बसलो. आता सांताक्रूझला हँगरमध्ये काम करतो. इंजिन उघडलं की माझे हात आपोआप चालतात, आप्पा. कॉलेजात असं कधी झालं नाही.

पण तुम्ही गावी जाताना, निकालाचीही वाट न बघता, दारावर पाटी बसवून गेलात : नंदकिशोर गंगाराम परब, बी.एससी.

माझ्या कामाला डिग्री लागत नाही. तरी पाटी खरी करावी म्हणून काल घरबसल्या शिकायचा फॉर्म आणला. त्यात फक्त बी.ए. आणि बी.कॉम. आहे. सायन्सला रोज प्रयोगशाळेत हजेरी लागते, ती शिफ्ट सांभाळून कशी जमणार? फॉर्म कोराच पडलाय.

पाटी काढायला दोनदा स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा राहिलो. दिवसभर विमानाचे स्क्रू काढतो, पण तुम्ही पिळलेले हे चार माझ्याच्यानं निघत नाहीत.

इथे कुणी येत नाही. ती पाटी वाचणारा मी एकटाच. संध्याकाळी कुलूप उघडतो आणि परक्या घरात शिरल्यासारखा, बूट हातात घेऊन, आवाज न करता आत येतो.

तुमचा,
नुसता नंदू