बेडकांच्या पेटीवरचा दिवा

२२ सप्टेंबर २००८, सोमवार

गुलाबी! रघुरामनं बेडकांच्या पेटीवर गुलाबी ट्यूब लावली आहे. अड्यारच्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून आणली. "बघा मॅडम, झाडं किती हिरवी दिसतात!" दिसतात, बाबा. टी. नगरच्या दुकानात साडीही दिसते. शहाणी बाई ती दारात नेऊन उजेडात बघते. मी नेच्याची कुंडी उचलून खिडकीत नेली. पानं फिकट, देठ लांबुळके, मॉस काळं. प्राणिशास्त्रात पीएच.डी., आणि झाड म्हणजे याला बेडकाची सतरंजी!

चार बेडूक आहेत, परवानगी काढून डोंगरातून आणलेले. ओल्या पानांवर अंडी घालतात. नोव्हेंबरात तपासणी. तोवर अंडी नाहीत तर पेटीसकट दुसऱ्या संस्थेकडे. म्हणून प्राचार्यांनी झाडं आणि दिवे माझ्याकडे सोपवले. अकरा वर्षं या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आहे, आता आठवण झाली!

२४ सप्टेंबर

हॅलोजन लावू म्हणतो. पेटीत इडल्या वाफवायच्या आहेत का, विचारलं.

२५ सप्टेंबर

माझ्या ट्यूबा लागल्या. दोन, पांढऱ्या, दिवसाच्या उजेडासारख्या, साध्या. पानांपासून वीतभर वर. काचेचं झाकण काढून जाळीचं बसवलं. चोक तापतात, म्हणून ते बाहेर भिंतीवर. एका कोपऱ्यात मनीप्लांट दाट ठेवला, म्हणजे बेडकांना सावलीत बसता येईल. आणि चकतीचा टायमर — सकाळी सहाला चालू, संध्याकाळी सहाला बंद. इथल्या माणसांच्या भरवशावर काही ठेवायचं नाही.

३० सप्टेंबर

नेच्याला तीन नवी पानं! दिवा बंद झाला की दहा मिनिटांत नर ओरडायला लागतो. रघुराम म्हणाला, "सुपर मॅडम." याच्या शाबासकीची वाटच बघत होते मी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अलमेलूला पकडलं! पेटीत पाणी फवारणारी रोजंदारीची बाई. रोजची दोन ते तीनची वीजकपात नुकतीच संपली होती, पंखे फिरत होते, आणि ही खुशाल टायमरची चकती फिरवत होती. बोटं इतकी सराईत, की पहिली वेळ नक्कीच नाही.

"करंट पोच्चु अम्मा, करंट पोच्चु." वीज गेली, एवढं तमिळ मलाही येतं. पण डोक्यावर ट्यूब जळतेय! थाप मारायची तर नीट तरी मारावी. लगेच प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. चारच्या आत निकाल — उद्यापासून येऊ नको. रडली. नऊ वर्षं काम केलं म्हणे. नऊ वर्षांत यंत्राला हात लावू नये एवढं शिकली नाही.

७ ऑक्टोबर

रघुरामचं रडगाणं. नर तीन दिवस ओरडला नाही. वर, "काल आठला निघालो तेव्हा दिवा चालूच होता. वेळ वाढवलीत का, मॅडम?" टायमर आहे, बाबा! याला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ वाचता येत नाही, आणि हा संशोधक.

उद्या आयुधपूजा. सगळ्या यंत्रांना आजच चंदन-कुंकू लावून झालं. टायमरलाही. पूजा जोरात, अक्कल शून्य.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टीनंतर अकराला गेले. पेटी अंधारी. पंखा फिरत होता, ट्यूबा ठीक होत्या. टायमरच्या चकतीवर पहाटेचे पाच.

खुर्ची ओढून बसले. दोनला वीज गेली, चकती थांबली. तीनला आली, तेव्हा चकती थांबली होती तिथूनच पुढे सरकू लागली. रोजचा एक तास मागे. ती गेल्यापासून सहा दिवस, सहा तास. अलमेलू रोज तीनला तेवढा तास पुढे करत होती. आणि मला ते सांगतही होती, अगदी सरळ शब्दांत. मी मूर्ख. लाज वाटली, इतकी की खोलीत कुणी नसतानाही मान वर होईना.

चकती सात तास पुढे केली. तक्रार मागे घ्यायला हवी. सोमवारी.

१३ ऑक्टोबर

प्राचार्य मीटिंगमध्ये होते.

१५ ऑक्टोबर

नर ओरडला. अलमेलूच्या जागी एजन्सीची बाई आली आहे. तिला पाणी कुठे मारायचं तेही दाखवावं लागतं.

१७ ऑक्टोबर

अंडी! नेच्याच्या पानावर, तीसेक. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून पेटी दाखवली. मी चकती फिरवताना रघुरामनं बघितलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं, "हे रोज तीनला पुढे करायचं कुणाच्या लक्षात आलं, मॅडम?"

मी म्हणाले — माझ्या.