हिरव्या पडद्यासमोर काढलेल्या बांगड्या

आई, तू ज्या जाहिरातीत काम केलंस ती आता कुणाकडेच नाही. कॅसेटला बुरशी लागली, मग टाकून दिली. ज्या फ्लॅट्सची ती जाहिरात होती ते मात्र गुडगावला उभे आहेत, बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळ्या लावून. तेव्हा तिथे सरसोंचं शेत होतं आणि बिल्डरचा एक बोर्ड. दाखवायला काही नव्हतंच, म्हणून तर सगळं नोएडाच्या स्टुडिओत, हिरव्या कापडासमोर करायचं ठरलं.

मला नोकरी लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. जाहिरातीत आजीचं काम करणारी बाई ऐन वेळी आलीच नाही, दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला, आणि मी आगाऊपणे बोलून गेले, "सर, मेरी मम्मी मंडल के नाटकों में काम करती हैं." फोनवर तू आधी भडकलीस. "आजी? मला अजून पन्नास पूर्ण व्हायचीत!" मग दोन बसेस बदलून फरीदाबादहून आलीस. हिरवी साडी नेसू नकोस, हे मी दहादा बजावलं होतं. कॅमेऱ्यापुढे जे जे हिरवं असेल ते यंत्र पुसून टाकतं आणि तिथे दुसरं चित्र बसवतं. तू गुलाबी साडी नेसून आलीस.

"अय्या, एवढंच?" भिंतभर ताणलेलं कापड आणि त्याच्यापुढे एक लाकडी कठडा बघून तू म्हणालीस. कापडाचा हिरवा उजेड अंगावर पडू नये म्हणून तुला त्याच्यापासून आठ-दहा फूट पुढे उभं केलं. बाजूला एका काठीवर कागदाची फुली चिकटवलेली. ती फुली म्हणजे पार्क. "आंटीजी, वहाँ पार्क है. हाथ से दिखाइए और खुश होइए," दिग्दर्शक म्हणाला. तू मला मराठीत विचारलंस, "आपण कितव्या मजल्यावर आहोत गं?" याचा विचार कुणीच केला नव्हता. मी ठोकून दिलं, चौथ्या. "मग पार्क खाली नको का? ही फुली तर माझ्या नाकासमोर आहे!" मी हिंदीत सांगितल्यावर दिग्दर्शकाने स्वतः उठून फुली खाली केली. "बिल्कुल सही, आंटीजी." काय मिरवले मी तेव्हा.

मग तू हात उचललास, आणि मॉनिटरवर तुझं मनगटच गेलं. कोपरापासून थोडा हात, मधे झाडं, आणि पुढे नुसता पंजा हवेत. सगळं युनिट खो खो हसायला लागलं. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या काचेच्या बांगड्या! कुणी काय घातलंय ते बघणं माझं काम होतं. साडी बघितली, ब्लाउज बघितला, टिकलीसुद्धा बघितली. बांगड्या नाही बघितल्या. ते हात मी जन्मापासून बघत आले होते, त्यात वेगळं काही आहे असं वाटलंच नाही.

"उतार दीजिए ना, दो मिनट का काम है," दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या दृष्टीने तो दागिना. तू हात पदराखाली घेतलेस आणि मला कोपऱ्यात ओढलंस. "लग्न झाल्यापासून माझे हात कधी मोकळे नव्हते. तुझे बाबा आहेत तोवर नाही गं काढायच्या. दुसरा काही उपाय नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "आणि इथे नाटकं करू नकोस, आई. माझी नोकरी जाईल."

तू माझ्याकडे बघितलंस, आणि "चल" म्हणालीस. बाथरूममध्ये साबण लावून मी त्या एकेक काढल्या. दोन फुटल्या, अंगठ्याखाली थोडं रक्त आलं. "फुटल्या नको म्हणूस, वाढवल्या म्हण," एवढंच बोललीस. बाहेर येऊन पहिल्याच टेकमध्ये तू असं काही हसलीस की मलाही पार्क दिसला. शॉट ओके झाल्या झाल्या पुन्हा बाथरूममध्ये गेलीस आणि उरलेल्या बांगड्या घालूनच बाहेर आलीस. घरी जाताना माझ्याशी नेहमीसारखी बोलत होतीस. त्याची मला जास्त लाज वाटली.

वर्षभराने बाबा गेले. हार्टचं दुखणं जुनंच होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तू कसलाही संबंध लावला नाहीस, आत्याने लावला. दहाव्याच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लेकीच्या नोकरीपायी हात मोकळे केलेस, वहिनी." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुझा आवाज जराही चढला नाही. "वन्सं, ते यंत्रच तसं असतं. दुसरा उपाय असता तर माझ्या पोरीने केला नसता का? मी विचारलं होतं तिला." मी ट्रे ठेवला आणि कप भरायला लागले. त्यानंतर तू सोळा वर्षं होतीस, आणि एकदाही तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. स्टुडिओच्या मागच्या कपाटात निळं कापड होतं. निळ्यावरही तेच काम होतं, फक्त मग यंत्र निळं पुसतं, हिरवं नाही. जाहिरातीत तुझ्या मुलाचं काम करणाऱ्याचा शर्ट निळा होता, तो बदलावा लागला असता, दिवे पुन्हा लावावे लागले असते, दीड तास गेला असता, आणि चूक माझी आहे हे सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. तू विचारलंस ना, तेव्हा ते कापड मला आठवलं होतं, आई.