गाचिऱ्याच्या रस्त्यावर सापडलेले प्राणी

ती. एल्विरामावशी यांना,

निदियाचा गुडघे टेकून नमस्कार. (हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. टेबलावर दगड आहेत, त्यामुळे मी जमिनीवर बसून लिहिते आहे.) तुमचा रक्तदाब, हेर्मानदादाचं दुकान आणि बुकारामांगाचा उकाडा ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. तुमचं घर गळत नाही. तुमच्या कोंबड्यांपैकी जी टोचायची ती अजून टोचते आणि बाकीच्यांनाही शिकवते आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाही, आणि या हकिकतीत पहिल्या वाक्यापाशी थांबलं तर मी फार मूर्ख दिसते. शेवटपर्यंत वाचलं तरी दिसतेच, पण निदान कारणासकट.

गावाच्या रस्त्याचं काम कुणामुळे अडलं याबद्दल तुमच्या कानावर जे आलं असेल ते खरं आहे. माझ्यामुळे. माझ्या जन्माच्या आधीपासून गाचिरा ज्या डांबराची वाट पाहत होता, ते पुलापर्यंत आलं आणि मी ते थांबवलं. मुद्दाम नाही. फार अभ्यास करून.

दर शनिवारी जुन्या गिरणीतल्या आपल्या संग्रहालयात मी टेबल मांडून बसते आणि लोक आपले दगड ओळखून घ्यायला येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. विद्यापीठात असताना मला वाटायचं की हे ज्ञान वाटण्याचं काम आहे. प्रत्यक्षात ते वाईट बातमी देण्याचं काम आहे. माणूस पोत्यातून कासव काढतो. पाठ घुमटासारखी, तिच्यावर चौकोन आखल्यासारखे, सगळं जिथल्या तिथे. मी सांगते की हा चिखलाचा गोळा आहे, तो सुकताना तडकला आणि भेगांमध्ये कॅल्साइट भरलं. तो सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, मग यातलं कासव कुठे गेलं? दुसरा फडक्यातून फडकं, त्यातून आणखी एक फडकं सोडतो, आत पाचू. म्हणजे बिअरच्या बाटलीचं बूड, नदीने घासून गुळगुळीत केलेलं. नेच्याचं पान म्हणून आणलेली नक्षी मॅंगनीजची निघते. गोगलगायी तेवढ्या खऱ्या असतात (त्यांना अमोनाइट म्हणायचं मी सोडून दिलं आहे), पण त्या इतक्या असतात की ज्याच्या घरात दार अडवायला एक नाही असा माणूस गावात नाही. पदवीमुळे सगळे मला डॉक्टर म्हणतात, म्हणून एकीने गुडघाही दाखवला. तो माझ्या विषयात बसत नाही असं मी सांगितलं. कासवाबद्दलही हिने असंच सांगितलं होतं, असं ती बाहेर जाऊन म्हणाली.

पण अधूनमधून खरं हाड येतं. बशीएवढा मणका, बरगडीचा तुकडा, वल्ह्यासारख्या पायाची पेरं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे होता त्या समुद्रातल्या मोठ्या सरीसृपांची. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: कुठे सापडलं? कारण कुठे सापडलं हे माहीत नसलेलं हाड म्हणजे नुसतं वजन. आणि मावशी, सगळे सांगायचे, रस्त्यावर. ओतिलियाबाई आपल्या दुकानातून ओल्या हाताने मणका घेऊन आल्या: रस्त्यावर, दुकानासमोरच. एवारिस्तोकाकांनी (तेखोच्या, म्हणजे चकतीफेकीच्या खेळाच्या, मैदानाचे मालक आणि आता रस्ता समितीचे अध्यक्ष, तुम्ही त्यांना एकदा लग्नाला नकार दिला होता असं ते सांगतात, तुम्ही कधी सांगितलं नाही) बरगड्या आणल्या: रस्त्यावर, जरा वरच्या अंगाला. मी भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लावत गेले. लावता लावता टाचण्यांची रांग झाली.

इथे दुसऱ्या कुणालाही जे सुचलं असतं ते मला सुचलं नाही, कारण मी प्रशिक्षित आहे. मला सुचलं ते असं की प्राचीन समुद्राच्या तळाशी एक लांबट खळगा असावा आणि मेलेले प्राणी प्रवाहाने वाहत येऊन त्यात साठत असावेत. हा खळगा आपल्या चौकातून निघून पुलापर्यंत जात होता आणि ओतिलियाबाईंच्या दुकानापाशी डावीकडे वळत होता. तो तिथे का वळतो याचं स्पष्टीकरण मी आकृतीसह दिलं. (रस्ता तिथे वळतो कारण ओतिलियाबाईंच्या सासऱ्यांनी अंजिराचं झाड तोडू दिलं नव्हतं. प्राचीन समुद्रात ते झाड नसणार, एवढं मला कळायला हरकत नव्हती.) हा अहवाल मी राजधानीतल्या कार्यालयाला पाठवला. त्यांना तो आवडला. माझ्या आयुष्यात त्यांनी इतक्या तत्परतेने दुसरं काही केलेलं नाही.

रस्त्याचं यंत्र आलं त्याच आठवड्यात आदेशही आला. पाद्रीबाबांचं रोलरवर तीर्थ शिंपडून झालं होतं, बॅंड वाजून झाला होता, ओतिलियाबाईंची डुकराच्या मांसाची आणि बटाट्याची पातेली रिकामी झाली होती. मग पत्र वाचण्यात आलं: पाहणी होईपर्यंत रस्त्याला फावडंही लावू नये. पत्रात माझं नाव आदराने घेतलेलं होतं. वाचणाऱ्याने ते तसं वाचलं नाही. तेव्हापासून रोलर पुलाजवळ उभा आहे आणि त्याच्या आसनावर कुणाचं तरी बदक अंडी घालतं.

यात हसण्यासारखं जे आहे ते इथे संपतं. ओतिलियाबाईंचे यजमान, तिबेरिओकाका, रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिससाठी, एक दिवसाआड शहरात जातात. खड्ड्यांतून जीप आदळते तेव्हा ते दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसतात आणि परत येतात तेव्हा बोलत नाहीत. पाऊस झाला की जीप वर येतच नाही. मग त्यांना एवारिस्तोकाकांच्या खेचरावर बसवून पुलापर्यंत नेतात. यंत्र कंत्राटदाराचं आहे. महिनाअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही तर ते डोंगरापलीकडच्या गावाला जाणार, आणि तिकडून परत कधी येईल ते सांगायला कुणी तयार नाही. ओतिलियाबाई मला काही बोलल्या नाहीत. गुळाचं गरम पाणी अजून देतात, पण पाहुण्यांच्या कपात.

पाहणीला राजधानीहून एक तज्ज्ञ आले. आम्ही रस्त्यात ठिकठिकाणी खड्डे घेतले. त्यांत घोड्याची नाल, बाटल्यांची झाकणं, एक चमचा आणि दातांची खालची कवळी मिळाली. (कवळी कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मालक समोर उभा होता आणि तोंड मिटून होता.) हाड एकही नाही. तज्ज्ञ सभ्य गृहस्थ होते. ते एवढंच म्हणाले की हा खळगा फारच स्वच्छ ठेवलेला दिसतो. हाडांच्या खऱ्या जागा, सांगणाऱ्यांच्या नावानिशी, कळवल्यात तर आदेश मागे घेता येईल, असंही त्यांनी सांगितलं. ते गेल्यावर मी थेट तेखोच्या मैदानावर गेले.

"काका, त्या बरगड्या रस्त्यावर नव्हत्या ना?"

त्यांनी लोखंडी चकती फेकली, मातीत खोचलेली बंदुकीच्या दारूची पुडी फुटली, आणि धूर खाली बसेपर्यंत ते माझ्याकडे वळले नाहीत.

"रस्त्यावर हाड पडलं असतं पोरी, तर कुत्र्यांनी ठेवलं असतं का तुझ्यासाठी?"

"मग सगळ्यांनी रस्ताच का सांगितला?"

"आता बघ. हाड सापडलं तर ते सरकारचं, असा कागद तूच भिंतीला चिकटवलास. रस्ताही सरकारचाच. सरकारचं होतं ते सरकारकडे सापडलं. आमचं बटाट्याचं रान त्यात मधे कशाला?"

मी त्यांना समजावलं की कायदा हाड घेतो, जमीन घेत नाही. कलमही सांगितलं. त्यांनी टोपी काढून ऐकलं. मग म्हणाले, त्यांच्या चुलत्याच्या शेतात मोजणीवाले एका दुपारपुरते आले होते. त्यांच्यातल्या एकाचं इथेच जन्मलेलं नातवंड आता इथल्याच शाळेत जातं. मी विचारलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून हे ठरवलं होतं का? यावर ते खरोखर दुखावले. ठरवायचं कशाला, म्हणाले, कळतं माणसाला. मला कळलं नव्हतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. (तेवढ्यासाठी तरी तुम्ही त्यांच्याबद्दल पुन्हा विचार करायला हरकत नव्हती.)

परवा दुकानात सगळ्यांना बोलावून मी माझी चूक सांगितली आणि खऱ्या जागा मागितल्या. लोक छताकडे पाहू लागले. छतात पाहण्यासारखं काही नाही. शेवटी ओतिलियाबाई काउंटर पुसत म्हणाल्या, "सांगायला कुणाची ना नाही गं. पण पहिलं कोण सांगणार? भक्कम घरचं माणूस हवं. दारात सरकार आलं तर त्यालाच पाणी आणायला पाठवील असं." त्यावर कोपऱ्यातून तिबेरिओकाका म्हणाले, "लवकर ठरवा काय ते. त्या खेचराला मी आवडेनासा झालोय."

 मी विचार करते म्हणाले आणि घरी आले. इतकंच. प्रकृतीला जपा, मीठ कमी खा, हेर्मानदादाला नमस्कार सांगा.

तुमची आज्ञाधारक (इथले लोक वेगळं सांगतील) भाची,
निदिया

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. तुमच्या परसात, धुण्याच्या दगडामागे, सांडपाण्याचा चर खणताना मला एक जबडा सापडला. दातांसकट. मी आजवर पाहिलेल्यांत सर्वांत सुंदर. तो बऱ्याच दिवसांपासून माझ्या खाटेखाली आहे. रस्त्यावर सापडला असं मी कुणाला सांगितलं नाही. मी कुणाला काहीच सांगितलं नाही. बोगोताचे जे गृहस्थ तुमचं घर विकत घेणार आहेत, त्यांनी हे ऐकलं तर ते घाबरतील, आणि घर विकल्याशिवाय तुम्हाला सुनेपासून वेगळी खोली मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण खणताना ओतिलियाबाईंनी कुंपणावरून पाहिलं होतं, आणि भक्कम घर म्हणताना त्या माझ्याकडेच पाहत होत्या. नकाशावर पहिली टाचणी तुमच्या परसात लावू का? कृपया उलट टपाली कळवा.

ता. क. दुसरा. कळवू नका. पावसाने दुधाची गाडी वर येत नाही, त्यामुळे टपाल गेलेलं नाही आणि हे पत्र माझ्याकडेच आहे. महिना संपत आला म्हणून आज शनिवारच्या टेबलावर मी जबडा ठेवला, तुमच्या परसात टाचणी लावली आणि तुमचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं.  मग ओतिलियाबाई म्हणाल्या, "माझा मणका खुराड्याखालचा. लिही." त्यांच्या मागे रांग लागली. ओढा, गोठा, बटाट्याचं रान, एकाची न्हाणी. एवारिस्तोकाका सर्वांत शेवटी आले आणि हळूच म्हणाले, "बरगड्या मैदानाखालच्या. बाकीचा प्राणी अजून तिथेच आहे." म्हणजे ज्याच्यावर गाव रोज संध्याकाळी दारू फोडतं, तिथे. खळगा आता उरलेला नाही. गाचिऱ्यात प्राणी सगळीकडे आहेत, रस्ता सोडून. हे मी सहीनिशी, कागदाचा फोटो फोनवरून पाठवून, राजधानीला कळवलं आहे. तुमची परवानगी घ्यायला हवी होती. घेतली नाही. कागदावर ती मी तुमच्या वतीने दिली आहे.

ता. क. तिसरा. आदेश मागे घेतला गेला, बदकाला समजावून उठवण्यात आलं, आणि डांबर काल आपल्या फाटकापर्यंत आलं. दुधाची गाडी आज वर येते आहे, तेव्हा हे पत्र एकदाचं निघेल. तिबेरिओकाका काल शहरातून आले ते दोन्ही हातांत एकेक पपई घेऊन, आणि जीपमधून उतरण्याआधीच ओतिलियाबाईंशी भांडू लागले. मला माझ्या कपात गुळाचं पाणी मिळालं. बोगोताचे गृहस्थही येऊन गेले. सरकार जमीन घेतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि त्यांची खात्री पटावी म्हणून कायदा पहिल्यापासून वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाच्या सुमारास त्यांना काहीतरी काम आठवलं. त्यांची गाडी पुलापर्यंत किती लवकर पोचली ते मी फाटकातून पाहिलं. रस्ता खरोखरच उत्तम झाला आहे.