मधूच्या गिटारीचा हलता ब्रिज

४ जाने., रवि.
ओझरला मधूकडे. त्याने स्वतः बोलावलं. वाटलं, लाल गिटार देतोय अखेर. माझ्या भिंतीवर नऊ इलेक्ट्रिक आहेत, पण जीव अडकलाय त्या लालमध्येच. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दोघे वाजवायचो तेव्हापासून. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही तिचा.
द्यायची नव्हतीच. म्हणे, "हिला तो दांडीवाला लॉकिंग ब्रिज बसव. दांडी हलवली की सूर हलतो, तो."
"अरे, लाकूड कोरावं लागेल. मूळची राहायची नाही ती."
त्याने उजवा हात पुढे केला. कंपवात. "हा दिवसभर फुकट हलतोय. काहीतरी कामाला लागू दे की. लय झालं."
दोघे हसलो. गिटार घेऊन नाशिक रोडला येईपर्यंत बसमध्ये मात्र हसू आलं नाही.

७ जाने.
गिटार टेबलावर. हात धजत नाही. एवढी जपलेली वस्तू, आणि मीच तिला...
सु. म्हणाली, "तुम्हाला गिटार हवीय की मधूभावजींनी वाजवायला हवंय, ते एकदा ठरवा." चहा तसाच टाकून गच्चीवर गेलो. बायको बरोबर बोलली की जास्त राग येतो.

११ जाने., रवि.
कोरलं. लाल रंगाखाली लाकूड पांढरंफटक निघालं. भुसा टाकवेना, वाटीत ठेवलाय. वेडेपणा, दुसरं काय.

१४ जाने., संक्रांत
ब्रिज बसला. तारा अडकवायची ही पट्टी दोन खिट्ट्यांवर नुसती टेकलेली. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. दोघांचं जमलं तर सूर. वरच्या टोकाला तारा लॉक केल्या. तरी दांडीला जरा धक्का लागला की सहाही तारा डुगडुगतात. मधूचा हात डोळ्यासमोर आला. एक सूर सरळ लागायचा नाही त्याचा.
मग मागच्या खाचेत ब्रिजच्या दोन्ही बाजूंना सागाचे ठोकळे दाबून बसवले. घट्ट. कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म गेला, हलतं ते बाद. दांडी आहे, पण शोभेची. सु.ला बोललो नाही.

१८ जाने., रवि.
मधूकडे. शैलावहिनींनी तिळगूळ दिला. मधूने दांडी दाबली. हलेना. पुन्हा दाबली. गिटार पालथी केली, ठोकळे दिसले. शिव्या देईल वाटलं.
हळू म्हणाला, "माझा कप शैला धरते. शर्टाची बटणं पोरगा लावतो. तुला मी हलवायला सांगितलं होतं रे. तूपण धरूनच ठेवलंस."
वहिनी आत निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तिथेच ठोकळे काढले, गिटार परत सुरात लावली. मधूने दांडी धरली, तार मी छेडली. सूर त्याच्या हाताबरोबर थरथरत राहिला. बेसूर म्हणावा? कळेना. हाच कंप बोटाने काढता यावा म्हणून हा पोरगेला असताना तासन् तास घासायचा.
"अजून एकदा," म्हणाला. परत छेडली. वहिनी पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या.

२३ जाने.
मधूचा फोन. तार तुटली. एक तुटली आणि बाकीच्या पाचही चढल्यात, सगळंच बेसूर. ठोकळे असते तर पाच तरी जागेवर राहिल्या असत्या. जिभेवर आलं होतं, गिळलं.
"तुटली कशी?"
"वाजवताना," म्हणाला. काय मिजास होती आवाजात! किती दिवसांनी ऐकली.
रविवारी जायचं. पिशवी भरली. तारांचा संच, पाना, पक्कड. ठोकळे अजून टेबलावरच आहेत.