वाकायचं नाही

आई, आज मी वाकले. कंबरेतून वाकून अर्धी भरलेली बादली उचलली आणि चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. हसू नकोस. तुझी लेक चौपन्नाव्या वर्षी माणिकपूरला, चर्चमागच्या गल्लीत, बादली उचलायला शिकायला जाते. आठ महिने कंबर धरली होती. मोरीत भांडं पडलं तरी मी कुणाची तरी वाट बघत उभी. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची आहे. पहिल्या दिवशी तिने पायांत मुंग्या येतात का, वजन उतरलंय का, सगळं विचारलं, गुडघे ठोकून पाहिले. मग मी ऐटीत पिशवीतून एक्स-रे काढला. तिने तो पाहिला आणि बाजूला ठेवला. मला रागच आला. म्हटलं, "अगं, गॅप आहे त्यात!" तर म्हणते, "काकी, तुमच्या वयाच्या पुष्कळांच्या फोटोत हे दिसतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं काहीच दुखत नाही. केस पिकतात ना, तसे मणकेही पिकतात."

तिच्याकडे व्यायामाआधी अर्धा तास नुसतं बोलणं असतं. दुखतंय म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय असं नाही, म्हणते. कंबर मजबूत असते, पण भीतीने तिला घरी बसवली की ती जास्त कुरकुरते. थोडं दुखलं तरी हळूहळू हलवायची, रोज थोडं वाढवायचं. आमच्या वर्गात पाचूबंदरची एक कोळीण आहे. ती पहिल्याच दिवशी उसळली, "मंग मला चार महिने झोपवून का ठेवला? पाटी उचलायची नाय, पानी भरायचं नाय. दुखायचं तर थांबलंच नाय, वर घरात बसून डोकं फिरलं माझं!" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला आपली सांडोरची, घरामागची वाडी दिसत होती.

तुझी कंबर धरली तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. घरात शिकलेली मी एकटी, त्यामुळे माझाच शब्द चालायचा. डॉक्टरांनी तुला आठ दिवस विश्रांती सांगितली होती. मी ती जन्माची केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशी मी. गादी काढून फळी घातली, पट्टा आणला, तुझा एक्स-रे दाराआडच्या खिळ्याला टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उजेडात धरून दाखवायला लागले. हळद-कुंकवाला आलेल्या बायकांनाही! "आईच्या मणक्यात गॅप आहे, तिला वाकायचं नाही." आणि तू पाटावर नाही, खुर्चीवर, पाहुण्यासारखी बसलेली.

एकदा मी कामावरून लवकर आले, तर तू मोगऱ्याच्या वाफ्यात. उकिडवी बसून खुरप्याने तण काढतेयस, तोंडाने काहीतरी गुणगुणतेयस. शेजारची वहिनी कुंपणापाशी उभी होती. तिच्यादेखत मी तुझ्यावर ओरडले. तू मान वर करून म्हणालीस, "दुखतं गं. पण इथे बसलं की कमी दुखतं." मी म्हटलं, "तुला काय कळतं? मणका मोडला तर तुझं कोणी करायचं? मीच ना?" उठलीस, खुरपं पायरीवर ठेवलंस, हात धुतलेस. त्या पोरीने अर्धा अर्धा तास जे समजावलं, ते तू एका वाक्यात सांगितलं होतंस आणि मी तुझं तोंड बंद केलं. माझी मलाच लाज वाटते, आई.

दुसऱ्या दिवशी मी ते खुरपं लपवलं. तू विचारायचीस, "माझं खुरपं पाहिलंस का गं?" मी म्हणायचे, "हरवलं असेल." मग तू हसून म्हणायचीस, "काखेत कळसा नि गावाला वळसा. घरातच असेल बघ." वर्षातून दोन-तीनदा तरी विचारायचीस. वाडीत मात्र परत उतरली नाहीस. मोगरा वाळला. तुझे पायही वाळत गेले. शेवटी शेवटी खुर्चीतून उठायला माझा हात लागायचा, आणि मी सगळ्यांना सांगायचे, "बघा, म्हणून मी तिला जपत होते." गेलीस ती वेगळ्याच आजाराने. पण त्याआधीची नऊ वर्षं मी तुला बसवून ठेवलं.

आज वर्ग संपताना तिने विचारलं, "काकी, कंबर दुखते म्हणून कुठलं आवडीचं काम सोडलंत? तेच आता व्यायाम म्हणून करायचं." मला आठवेना. घरी आले. मागच्या वाडीत तुझ्या मोगऱ्याचं एकच खोड तग धरून आहे, भोवती गुडघाभर तण. म्हटलं, चला. खुरपं मी तांदळाच्या पिंपामागे, भिंतीच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून सारलं होतं. गुडघे टेकले, कंबर वाकवली, हात आत घातला. कळ आली. थांबले, श्वास घेतला, पुन्हा घातला. हाताला वर्तमानपत्र लागलं नाही, कापड लागलं. तुझ्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, त्यावर खोबरेल तेलाचे जुने डाग. आत खुरपं. पात्याला गंज नावालाच.

म्हणजे तुला माहीत होतं. तू ते शोधलंस, पुसलंस, तेल लावलंस आणि जिथल्या तिथे ठेवलंस. पिंपामागे हात घालायला तूही अशीच वाकली असशील, घरात कुणी नसताना. आणि तुझं काही मोडलं नाही. तरीही माझा शब्द राखायला तू खुर्चीत जाऊन बसलीस, आणि अधूनमधून विचारत राहिलीस, मी खरं बोलावं म्हणून.

वाफ्यातलं थोडं तण काढलंय. कंबर दुखतेय, पण इथे बसलं की कमी दुखतंय. हे पत्र त्याच फडक्यात गुंडाळून ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवू? एवढंच सांगायचं होतं, आई. खुरपं हरवलं नव्हतं. मी लपवलं होतं.