कस्टम गाडी आणि साखऱ्याची सोयरीक

हिंगोली, जि. परभणी
२१ मार्च १९७६

आदरणीय रखमाजी दाजींस,

धाकटा मेहुणा अमृत पायांवर डोकं ठेवतो. आमच्या भिकाअक्काचे गुडघे कसे आहेत? हैदराबादच्या पाण्यानं तुमचं पोट बिघडलं होतं, ते ताळ्यावर आलं असेल. माझं म्हणाल तर शाळा चालू आहे, आणि पश्चात्तापही.

दाजी, तुम्ही जुन्या मोटारींच्या धंद्यातले. माझ्या साखरपुड्यासाठी गाडी मागायला आलो, तेव्हा तुम्ही समजावलं होतं, की अमेरिकेची ही रॅम्बलर तीन थाटांत निघते: साधी ती डिलक्स (आपल्याकडं डिलक्स म्हणजे चैन, तिकडं म्हणे गरिबी!), मधली सुपर आणि सगळ्यात वरची कस्टम. "डिलक्सच घेऊन जा," असंही म्हणालात. पण मला चकचकीत पट्ट्या, गालिचा आणि घड्याळ पाहिजे होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पोरांना शिकवतो, स्वतः मात्र कस्टम घेऊन निघालो.

त्यात दिवस धाडींचे. कस्टमवाले चोरटं सोनं शोधत फिरतात, अशी गावोगाव भुमका होती. साखऱ्याच्या वेशीत गाडी शिरली आणि पोस्टमास्तरांनी (गावात इंग्रजी वाचणारे तेवढे एकच) गाडीवरची चांदीसारखी अक्षरं मोठ्यांदा वाचली, "कस्टम!" मी होणाऱ्या सासऱ्यांच्या, सोनाजीरावांच्या दारात उतरलो, तर दार सताड उघडं, पाट मांडलेले आणि माणूस एक नाही. होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे जनकाबाईंनी, लेकीसाठी, सिंधूसाठी, केलेली बोरमाळ ताकाच्या डेऱ्यात सोडली, हे मागून कळलं. मला वाटलं, स्वागताची इकडची काही रीत असेल.

मागं गोठ्याकडं गेलो. कडब्याच्या गंजीतून दोन पाय बाहेर आलेले. नव्या जोड्यावरून सोनाजीराव ओळखले. वडीलधारे पाय दिसले की वाकायचं, ही आपल्या घरची शिकवण. मी वाकून पाय धरले. आतून ओरडा आला, "सोडा हो सायेब! म्या काय बी केलं न्हाई! सोनं बायकोचं हाय!"

"मामा, मी जावई," म्हणालो. तोवर गाव गोळा झालं आणि पोट धरधरून हसलं. सिंधूही हसली. (बघण्याच्या दिवशी तिनं मान वर केली नव्हती. हे हसू पहिल्यांदाच पाहिलं, आणि दाजी, खोटं कशाला बोलू, तेव्हापासून धड जेवलो नाही.) हसले नाहीत ते एकटे सोनाजीराव. मिशीतली कडब्याची काडी काढत म्हणाले, "मास्तर, ज्याला भिऊन म्या कडब्यात घुसलो, त्याचे पाय मांडवात कसे धुऊ? मला न्हाई जमायचं."

सोयरीक मोडली. डिलक्समधून गेलो असतो, तर आज दोनाचे चार हात झाले असते. फार चुकलं, दाजी.

लोभ आहेच, माझी अक्कल पाहून तो कमी करू नये.

तुमचा,
अमृत

ता. क. सिंधूचं लग्न शिरड शहापूरला ठरलं. मुलाची मी चौकशी केली, खोट सापडली नाही. काल सोनाजीराव स्वतः शाळेत आले. मान खाली घालून म्हणाले, "पोरगी हट्ट धरून बसली. पाठवणीला मोटारच पायजे, अन् ती बी मास्तरांचीच." मी व्हय म्हणून बसलो. चालवणार मीच.

आणखी एक. तुमच्याकडं रॅम्बलर आठ सिलेंडरचीही आहे आणि सहाचीही. आठवाली पाठवू नका, तिला शिरड शहापूर फार जवळ पडतं. सहावाली द्या, आणि तिचा एखादा सिलेंडर बंद असेल तर कृपा करून दुरुस्त करू नका.