मधली कडी सोडून

॥ श्री ॥
असोदा, ता. २ एप्रिल २०२४

चि. सौ. मोहिनी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. फोनवर मुद्दाम बोलले नाही. जावईबापू चंदनराव फोन स्पीकरवर टाकतात आणि तुझ्या सासूबाईंचे कान तिखट. बाळंतपण धुळ्यातच करू, असोद्याच्या त्या आतल्या खोलीत पोटुशी पोर वैशाखात भाजून निघेल, असं त्या म्हणाल्या ते मला लागलं. खोटं नाही म्हणून जास्तच लागलं. त्या खोलीत आजवर गहू आणि गाद्याच राहिल्या. त्यांना कधी उकडलं नाही.

आता तिथे छताला पंखा लावतेय. तुझे नाना दुकानात सोनेरी पट्टीचा पंखा धरून बसले होते. मी विचारलं, वारा सोनेरी येणार का? साधा पांढरा घेतला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू येशील आणि बाळ घेऊनच परत जाशील, असं देवापुढे बोलून ठेवलंय. देवापुढचा शब्द मी मोडत नाही. लोणचं बेताने खा.

तुझी वाट पाहणारी,
आई

देवपूर, धुळे
ता. १५ एप्रिल

ती. सौ. आईस मोहिनीचा सा. न.

पत्र पोचलं. सासूबाई मायाळू आहेत गं, पण हट्टाला पेटल्या की पांझरेलाही उलटी वाहायला लावतील. येत्या रविवारी त्या जळगावला लग्नाला येताहेत, तेव्हा खोली स्वतः बघणार. पसंत पडली तर पाठवतील, नाहीतर विषय बंद. ह्यांनी नेहमीसारखी मान हलवली. आई, मला तुझ्याजवळच यायचंय. इथे तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहिते. नानांना शिडीवर चढू देऊ नकोस.

आशीर्वादावर हक्क सांगणारी,
मोहिनी

असोदा, ता. २२ एप्रिल

चि. सौ. मोहिनी हिस आशीर्वाद.

शनिवारी सुपडू वायरमन आला. तुळईला मधोमध लोखंडी कडी तयार बघून खूश झाला. पंख्याचा दांडा तिला अडकवायला गेला, तशी मी शिडीच धरली. ती पाळण्याची कडी! तुला तिथेच जोजवलं, तुझ्या नानांनाही तिथेच. मी म्हटलं, ही मोकळी राहील, पंख्याला खिडकीकडे दुसरी ठोक; पातं पाळण्याच्या दोरीला लागता कामा नये. सुपडू म्हणे, काकू, लोक मले हसतीन. नाना म्हणे, खोलीने डोळा मारल्यासारखं दिसेल. दिसू दे.

काल विहीणबाई आल्या. पात्यांना मी हळदकुंकू वाहिलं होतं, ते पुसायचं राहिलं. बटण दाबलं आणि सगळं त्यांच्या चष्म्यावर नि पदरावर! नाना ओसरीवर पळाले. पण त्या हसल्या, वाऱ्याखाली ऐसपैस बसल्या. मग वर बघून विचारलं, पंखा असा भिंतीला चिकटवून का टांगला, वायरमन स्वस्तातला होता का? मी कडी दाखवली, कारण सांगितलं. त्या कडीकडे बघतच राहिल्या. चहा गार झाला. हो नाही की नाही नाही, गाडीत बसून गेल्या.

मी घाबरलेली नाही. पण तिकडे काय बोलल्या ते लगेच लिही.

तुझी आई

देवपूर, धुळे
ता. २९ एप्रिल

सौ. लताबाई विहीणबाई यांस सुलक्षणाचा स. न. वि. वि.

मोहिनी उत्तर लिहायला बसली होती, कागद मीच ओढून घेतला. खोली थंड आहे, मान्य. पण उन्हाचं मी बोलले ते अर्धंच. चंदनचा पाळणा माळ्यावरून काढून, धुऊन, तेल लावून ठेवला होता. पहिलं नातवंड त्यातच निजावं, म्हणून पोरीला अडवून धरलं. त्या रविवारी तुमच्याकडून आले आणि आमच्या फ्लॅटभर वर बघत फिरले. बिल्डरने खोलीला एकेकच हूक दिलाय आणि प्रत्येकावर पंखा. पाळणा टांगायला जागाच नाही. इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

आखाजीला मोहिनीला घेऊन येते. पाळणा गाडीच्या टपावर बांधून आणते. दोरी मात्र तुमच्याकडची, मजबूत बघून घ्या. सुपडूला सांगा, कुणी कितीही हसलं तरी पंख्याला हात लावायचा नाही.

लोभ आहे तसाच राहू द्या, आणि पंखाही.

आपली,
सुलक्षणा